कठड्याखालचं टेबल

ठोक्याला मी ओळखत होतो असं म्हणणं धाडसाचं होईल. त्याचं खरं नाव मला माहीत नाही. घरी कोण कोण होतं, तेही नाही. एक बहीण होती, आमच्याच इमारतीखाली इस्त्रीचं टेबल लावायची, एवढंच. मला लिहिण्याची सवय नाही. दुसरं कोणीही माझ्यापेक्षा बरं लिहील, पण कोणी लिहिणार नाही, म्हणून बसलो.

तो गवंडी. दर वर्षी आमच्या गच्चीचा कठडा तपासायला यायचा. मी वरच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे तो आल्याचं मला डोक्यावरच कळायचं. हातोडीच्या दांड्याने कठडा ठोकत, कान देत तो पुढे सरकायचा. आवाज भरीव आला की पुढे, पोकळ आला की शिवी. "कठडा आहे की खुंट्यांचं दुकान? जो येतो तो भोक पाडतो!" तोंडाचा फटकळ, आणि स्वतःची स्तुती करण्यात कुठे कमी नाही. "काका, माझ्या हातचं प्लास्टर आणि माझी बहीण, दोन्ही कुणाच्या बापाच्याने हलत नाहीत," म्हणायचा. खालून बहीण ओरडायची, "ऐकू येतंय हं मला, दादा!"

एका वर्षी रस्त्याकडच्या कठड्यावर जाहिरातीचं मोठं होर्डिंग बसलं. त्याचे लोखंडी पाय कठड्यातच बोल्ट मारून आवळलेले. वारा सुटला की होर्डिंग हले आणि त्याच्यासोबत कठडाही. ठोक्याने मला भेगेवर बोट ठेवायला लावलं. बोटाखाली भेग उघडत होती, मिटत होती. आणि बरोबर तिच्या खाली त्याच्या बहिणीचं टेबल.

तो तडक सोसायटीच्या अध्यक्षांकडे गेला. "हे होर्डिंग काढा. मग मी हा भाग पाडून नवा बांधतो. वरवर लिंपून देणार नाही, आधीच सांगतो."

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. वर जाऊन भेगही पाहून आले. "धोका आहे खरा," म्हणाले. "तुझं म्हणणं सोळा आणे पटलं."

आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला टेबल हलवायला सांगितलं.

अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं. त्यांना कळलं नाही असं कोणी म्हणू नये. कळलं, म्हणूनच तर टेबल हलवलं! होर्डिंग राहिलं, कठडा राहिला, कष्टाने पोट भरणारी बाई तेवढी तिथून गेली. आणि रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांचं काय? मी अध्यक्षांना लिफ्टपाशी गाठून विचारलं. माझा आवाज चिरकला. "काका, बीपी सांभाळा," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मागच्या महिन्यात ठोक्या तापाने गेला. अध्यक्षांनी जिन्याखालच्या फळ्यावर कागद लावला, 'आपल्या सुरक्षेसाठी झटणारा कारागीर हरपला.' वर कठडा तसाच हलतोय. तो कागद मी फाडला. कोणी विचारलं तर सांगेन, मीच फाडला.

आमची शेवटची भेट टेबल हलवलं त्या दिवशीची. तो हातगाडी घेऊन आला होता. टेबलाचं एक टोक मी धरलं.

"काका, सोडा, कंबर धरेल."

"धरू दे."

टेबल गाडीवर चढलं. बहिणीने गाठोड्यातून माझी पँट काढून हातात दिली.

"हिची इस्त्री राहिली, काका," तो म्हणाला.

"असू दे. मला कुठे जायचंय?"

"तरी पण. गेलात तर पलीकडच्या बाजूने चाला."

"बरं," मी म्हणालो.