चिंचेखालची बैठक

"अहो, आपण जरा उन्हात उभे राहा."

बाईंनी हे मला पहिल्यांदा ऐकवलं ते माझ्याच गावात, धायरीत, माझ्या शाळासोबत्यांच्या देखत. आवाज अजिबात चढला नव्हता. सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला अपमान करायला आवाज चढवावा लागत नाही, हे तुम्हीही अनुभवलं असेल.

बाई आमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या प्रमुख. मी पाणीपुरवठ्याचा अभियंता. रस्ता, गटार, वीज ही खाती निराळी, त्यांचे साहेब निराळे. रस्तेवाल्यांनी डांबर टाकलं की मी पाइपसाठी ते खणायचो आणि मी बुजवलं की गटारवाले खणायचे. बाईंनी आल्या आल्या केबिनमधल्या बैठका बंद केल्या. "जिथे खड्डा, तिथे बैठक," म्हणाल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चिंच आहे. तिच्या सावलीत सगळी खाती आणि गल्लीतली माणसं एकत्र बसू लागली. नियम एकच. 'हे आमच्याकडे येत नाही' असं जो म्हणेल, त्याने सावलीबाहेर जायचं आणि काही करता येण्यासारखं सुचलं की परत यायचं.

त्या दिवशी बाईंनी एका म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, पूर्वी ओढा कुठून वाहायचा?" ज्या ओढ्यात मी पोहायला शिकलो, त्याच्याबद्दल मला सोडून दुसऱ्याला! मी फणकाऱ्याने म्हणालो, "ओढा आमच्याकडे येत नाही." एप्रिलचं ऊन होतं. मला फार लवकर सुचलं.

मला बाईंचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, ताटावरून उठवणारा. धायरी महापालिकेत आली तेव्हा मला वाटलं होतं, आता आपला माणूस आत आहे म्हणून गाव माझ्या दारात येईल. गाव गेलं बाईंच्या दारात. आमच्या आईनेसुद्धा नळाला पाणी आलं नाही तेव्हा बाईंनाच फोन लावला.

"अगं, पाण्याचं खातं माझ्याकडे आहे!"

"तुझ्याकडं नुसतं पाणी हाय," आई म्हणाली. "बाई समद्यांना घिऊन येत्यात."

शेवटी गल्ली एकदाच खणली गेली. पाइप, गटार, वायरी, सगळं एकदम, मग डांबर. लोकांनी चिंचेखालीच बाईंचा सत्कार केला. बाईंनी हातातला नारळ सरळ माझ्या हातात दिला. "मान यांना द्या. गाव यांचं आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नारळ घरी आणला, पण फोडला नाही. उष्टा मान मला नको होता.

मग बाईंची बदली झाली, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. आता चिंच माझी, गाव माझं.

पावसाळ्यात गल्लीत पाणी तुंबलं. मी ऐटीत बैठक बोलावली आणि बाई बसायच्या तिथेच बसलो. सगळी खाती आली. गटाराचे नवे साहेब ऐसपैस टेकले आणि म्हणाले, "हे आमच्याकडे येत नाही."

सगळी गल्ली माझ्याकडे बघू लागली. पाऊस उघडून कडक ऊन पडलं होतं. मी घसा साफ केला. "अहो, आपण जरा उन्हात उभे राहा."

साहेब हसले. त्यांना वाटलं, मी गंमत करतोय. जागचे हललेही नाहीत. मागून आई हळूच शेजारणीला म्हणाली, "बाई कधी येनार हायेत?"

बैठक उठली. पाणी तसंच होतं. मी एकटाच सावलीबाहेर जाऊन उभा राहिलो, पण कुणी सांगितल्याशिवाय काही सुचेना.

बाईंच्या नव्या कार्यालयाकडे वड आहे म्हणे. तिथेही एखादा आडमुठा अभियंता असेलच. या घटकेला तो उन्हात उभा असेल आणि मनातल्या मनात बाईंना शिव्या देत असेल.

त्याचा मला फार हेवा वाटतो.