अडतीस बहिणींची मावशी

आमच्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना मावशी म्हणायचे. सरसुद्धा, आणि सर त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात आया म्हणून काढून मावशी निवृत्त झाल्या आणि आमच्याकडे कागदांवर रेघा मारायला आल्या. रुग्णांनी सांगितलेल्या घरच्या हकिगती छापून त्यांच्यापुढे ठेवायच्या. नातं दिसलं की त्या पेन्सिलीने खाली रेघ ओढायच्या. मधूनच शेरा यायचा, "ही खोटं बोलतेय. नणंदेबद्दल इतकं गोड कोण बोलतं?"

त्या रेघांवरून कॉम्प्युटर शिकत होता. हकिगत वाचून त्याने घराण्याचा नकाशा काढायचा. म्हणजे एखादा आजार रक्तातून आलेला असेल, तर आणखी कोणाला तपासायचं ते डॉक्टरांना कळेल. वाचून वाचून तो तरबेज झाला. मग सरांनी जाहीर केलं, "आता रेघांची गरज नाही." शनिवार हा मावशींचा शेवटचा दिवस.

"घरी बसेन रे," त्या मला म्हणाल्या, "पण सूनबाई फारच चांगली आहे. हातातलं भांडंसुद्धा काढून घेते. चार महिन्यांत मला म्हातारी करून सोडेल."

शुक्रवारी हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई परीक्षा घ्यायला आल्या. कॉम्प्युटर स्वतः जे शिकला होता, त्यात आम्ही नात्यांच्या नियमांची भर घातली होती : मावशी म्हणजे आईची बहीण, वगैरे. डॉक्टरीणबाईंनी मावशींच्याच जुन्या वॉर्डातल्या हकिगती दिल्या.

पडद्यावर भलंमोठं घराणं उगवलं. अडतीस रुग्णांनी या ना त्या शब्दांत सांगितलं होतं, "मावशींनी चादर बदलली." चादर बदलणारी एकच, हे कॉम्प्युटरने हुशारीने ओळखलं. नियम म्हणाला, ती प्रत्येकाच्या आईची बहीण. झालं! अडतीस अनोळखी माणसं एकमेकांची मावसभावंडं. त्यात एक नवरा-बायकोही होते.

मावशींना हसून हसून ठसका लागला. "अडतीस बहिणी! आमच्या आईने कधी बोलून दाखवलं नाही."

सर पडेल आवाजात म्हणाले, "नियमच काढून टाकू."

"मग खऱ्या मावश्याही जातील, सर," मी म्हटलं.

"अहो, कागदावर लिहिलंय की," मावशी म्हणाल्या. "आईची बहीण 'आली'. मी 'आल्या'. सख्ख्या मावशीला कोण अहोजाहो करतं?"

सर लगेच नवा नियम लिहायला धावले.

"थांबा! आमच्या शेजारच्या घरात सख्ख्या मावशीलाही 'आल्या' म्हणतात. ठोकून देऊ नका. भरवसा ठेवा, पण बेताने."

बेताने म्हणजे किती, हे ठरवायचं काम आम्ही कॉम्प्युटरवरच सोडलं. मावशींच्या रेघा मारलेले सगळे कागद त्याला पुन्हा वाचायला लावले. दुपारी नकाशा नव्याने आला. सदतीस बहिणी गळाल्या. एक मात्र चिकटून बसली : एका बाईने सांगितलं होतं, "मावशी आली, चादर बदलून गेली."

सरांनी कपाळाला हात लावला. "ही एक चूक राहिलीच!"

"चूक कसली?" मावशी म्हणाल्या. "ती माझी भाची. पित्ताशयाच्या ऑपरेशनला आली होती."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून सरांकडे पाहिलं. "या बाई इथे कायम असतात ना?"

सर घसा साफ करत म्हणाले, "मावशी, शनिवारचं राहू द्या."

"राहू द्या म्हणजे? येऊ नको, की जाऊ नको? नीट सांगा, माणसांचेही घोटाळे होतात."

"जाऊ नका," सर म्हणाले. "सोमवारीही या."

मावशींनी पुढचा गठ्ठा ओढून घेतला. "मग आता 'दादा' घेऊ. त्यात फार भानगडी असतात."

"मला विचारा," मी म्हटलं. "कॉलेजात अकरा मुली मला दादा म्हणायच्या."