दबोरा म्हणजे मधमाशी

आमच्या हदगाव तालुक्यातल्या गावात माझं नाव कुणालाही पहिल्या दमात घेता आलं नाही. शेतकरी घरातली हिंदू मुलगी, आणि नाव दबोरा! हजेरी घेताना मास्तर रोज अडखळायचे. मला त्याची भारी गंमत वाटायची.

झालं असं, की मी तिसरी मुलगी. हिचं नाव 'नकोशी' ठेवा म्हणजे पुढचा मुलगा होईल, असं घरच्यांनी ठरवूनच टाकलं होतं. बाळंतपण किनवटला झालं. तिथल्या ख्रिस्ती नर्सबाईंनी आईला सांगितलं, की दबोरा ठेवा, हिब्रूत त्याचा अर्थ मधमाशी. बायबलातली दबोरा खजुरीच्या झाडाखाली बसून लोकांचे तंटे सोडवायची. सेनापतीसुद्धा तिच्याशिवाय लढाईला जायला तयार नव्हता. बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण आत्याच्या आधी आईनेच मला उचललं आणि हे नाव कानात सांगून टाकलं. आत्या पुढे वर्षभर आमच्याकडे आली नाही.

लग्न ठरलं चाकूरला. सासूबाईंनी माझ्यासाठी एका देवीचं नाव काढून ठेवलं होतं. नाव बदलणार नाही, हे मी साखरपुड्यातच नवऱ्याला बजावलं होतं. तो "हाव, हाव" म्हणाला होता. पण मंगल कार्यालयात लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट पुढे आलं, त्यात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायची वेळ आली, आणि गडी आपल्या आईकडे पाहायला लागला.

"लिही की रे," सासूबाई म्हणाल्या. "मधमाशी कुनी घरात घेतं व्हय?"

सगळे हसले. माझं डोकंच फिरलं. त्याच्या हातातली अंगठी मी काढून घेतली आणि तांदळात मोठ्या अक्षरांत लिहिलं, दबोरा.

"या नावानं मला नकोशी होऊ दिलं न्हाई," मी म्हणाले. "हे मी पुसणार न्हाई."

माझी आई उठून ताटापाशी आली. आता ही मला चारचौघांत झापणार, असंच मला वाटलं. तिचंही नाव लग्नात असंच बदललं होतं, आणि जुन्या नावाने तिला सासरी कधी कुणी हाक मारली नव्हती.

तिने माझ्याकडून अंगठी घेतली आणि माझ्या नावाखाली स्वतःचं माहेरचं नाव लिहिलं. मग तीच अंगठी तिने सासूबाईंपुढे धरली.

"तुमचं काय व्हतं, इहीणबाई?"