खरबुजाचा रंग

गाडीवरच्या पिकल्या खरबुजाचा वास आला, की मोताळ्याजवळचं आमचं उथळ तळं आठवतं. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं, की उघड्या पडलेल्या गाळात बाबा खरबुजांची वाडी लावायचे. घरातून पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, आणि माझा प्रकल्प होता उपग्रहाच्या चित्रांवरून तळ्यांचा नकाशा. नकाशातल्या प्रत्येक वर्गाला एक रंग: पाण्याला निळा, शेताला हिरवा. आमचा गाळाचा तुकडा हिवाळ्याच्या चित्रात पाणी होता, उन्हाळ्याच्या चित्रात शेत. सरांनी बजावलं होतं, एकच काय ते ठरवा, नाहीतर प्रकल्प मंजूर होणार नाही. मी तळ्याकाठी लॅपटॉप उघडून बाबांनाच विचारलं. ते वाकून बघत म्हणाले, "निळा देशीन तं माही खरबुजं बुडतीन. हिरवा देशीन तं लोक तळंच नांगरतीन." "मंग काय करू, बाबा?" "तिसरा रंग नाही काय तुह्या डब्ब्यात?" असं म्हणत त्यांनी खरबूज फोडून अर्धं माझ्या हातात दिलं. मी त्या गराचाच केशरी रंग भरला आणि त्या वर्गाला नाव दिलं, गाळपेर. सरांनी विचारलं, "हा वर्ग कोणत्या पुस्तकात आहे?" मी म्हटलं, "आमच्या तळ्यात आहे, सर." ते हसले आणि त्यांनी सही केली. आता नकाशे करणं हीच माझी नोकरी आहे, आणि बाबा फोनवर अजून आधी तेच विचारतात, "काऊन वं, आपली वाडी बुडवली तं नाही ना?"