सोन्याचा साप

साखरपुड्याच्या आधी त्याने मला गुपचूप एक अंगठी दिली. परदेशातली, जुनी, ऑनलाइन घेतलेली. स्वतःची शेपटी तोंडात धरलेला सोन्याचा साप, डोळ्यांच्या जागी बारीक लाल खडे. तिकडे एके काळी प्रेमी एकमेकांना असे साप देत. ज्याला अंत नाही ते प्रेम, असा त्याचा अर्थ. हे त्याने मला इंग्रजीत लांबलचक लिहून पाठवलं होतं. मी इंग्रजी शाळेतली. इंग्रजीत सांगितलेली कुठलीही गोष्ट मला खोल वाटते.

साखरपुड्याला महाडच्या हॉलमध्ये मी तो साप डाव्या हातात घातला. पोलादपूरहून आलेल्या त्याच्या आत्याने माझा हात उजेडात धरला.

"साप हाय गो ह्यो! पोरीला कालसर्प हाय काय?"

"दोषाला चांदीचा घालतात," शेजारची मावशी म्हणाली.

"मग बघ. सोन्याचा घातलाय म्हंजे दोष पण तसाच भारी असंल."

पहिली पंगत बसेपर्यंत माझा दोष हॉलभर झाला. जिलेबी वाढेपर्यंत त्यात नवऱ्याच्या आयुष्याला धोकाही मिसळला. मग त्याची आई माझ्या आईसमोर येऊन उभी राहिली.

"पत्रिकेतलं लपवलंत ना, ताई?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. 'अंगठी मी दिली', एवढंच त्याने म्हणायचं होतं. एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यात तो केमिस्ट आहे. दिवसभर गोष्टी तपासून खरं-खोटं सांगायचा पगार घेतो.

"आई, आपण गुरुजींना विचारू ना एकदा," तो म्हणाला. "तुझं समाधान होईल." मग माझ्याकडे वळून हळूच इंग्रजीत, की तू समजून घेशीलच.

अमर प्रेम पहिली पंगत उठायच्या आतच आटोपलं होतं.

मी चारचौघांत बोलत नाही. त्या दिवशी बोलले. साप काढून त्याच्या आईच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "ही यांनीच दिलीय मला. गुरुजींना यांची पत्रिका दाखवा."

त्याच्या आत्याला अर्थ लावायला क्षणही लागला नाही.

"अगो बाय! म्हंजे दोष आपल्याच पोराला हाय?"

माझ्या आईने त्यांनी भरलेली माझी ओटी नारळासकट त्यांच्या पिशवीत ठेवली आणि मला म्हणाली, "चल, जेवून घे."