फी वाचली, पाटल्या गेल्या

त्या कापलेल्या पाटलीची आठवण आली, की आजही तोंड कडू होतं. इंग्रजी अमदानीच्या शेवटच्या वर्षांत मी वाशीमकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी आटोपून रोजनामा लिहायला बसलो, तोच अनसिंगकडची एक विधवा बाई दारात उभी राहिली. सोबत कोणी नव्हतं.

"सायेब, माह्यं सोनं चोरीले गेलं. दादा म्हणते, ठाण्यात जाशीन तं घरात पाय ठेवू नको."

नवरा वारल्यावर ती माहेरी आली होती. अंगावरून उतरवलेल्या दोन पाटल्या आणि नथ तिने बापाच्या पेटीत ठेवली होती. ते सोनं विकून भाजीपाल्यापुरता जमिनीचा तुकडा घ्यायचा आणि भावापासून वेगळं राहायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पुढे बाप वारला आणि पेटी फुटली.

भावाला बोलावलं. घरी चोरी झालेला माणूस ठाण्यात येऊन रडतो, नाहीतर शिव्या घालतो. हा नुसता घाम पुसत होता.

"आमच्या घरी सोनं नव्हतंच, सायेब. ते येडी झाली."

खरा प्रकार आमच्या जमादाराने गावातून काढला. बापाची ठेव एका जिनिंगवाल्याकडे होती. ती मिळायला भावाला मृताच्या मालमत्तेचा कारभार पाहण्याची कोर्टाची सनद हवी होती. मालमत्ता मोठी तेवढी कोर्ट फी मोठी. म्हणून घरात सोनं नाही, असं त्याने शपथेवर लिहून दिलं होतं. बहिणीच्या सोन्याचा बापाच्या मालमत्तेशी संबंधच नव्हता. त्यावर फी लागत नव्हती. पण या शहाण्याने कोणाला विचारलंच नाही.

ते शपथपत्र लिहिणारा अर्जनवीस कोर्टाच्या आवारात बसे. मजकूर सांगताना भावाने त्याला सगळं बोलून दाखवलं होतं. सोनं घरात आहे आणि चोरीला गेलं तरी हे लोक तक्रार करणार नाहीत, हे बाहेरच्या माणसांपैकी एकट्या त्यालाच ठाऊक होतं. मी आधी बाईचा जबाब घेतला. नवरा वारला तेव्हा एक पाटली निघेना, म्हणून सोनाराने ती कापली, असं तिने सांगितलं. मग पंचांसमक्ष अर्जनवीसाच्या घराची झडती घेतली. कणगीतल्या ज्वारीखाली गाठोडं निघालं. आत नथ आणि दोन पाटल्या होत्या, त्यातली एक कापलेली.

"माह्या मेलेल्या मावशीची आहे," अर्जनवीस शांतपणे म्हणाला. खूप खोदून विचारलं, पण गडी हलला नाही.

मी भावाला एकट्याला बसवलं. "खरं सांग. सोनं बहिणीचं होतं, एवढं कोर्टात बोल."

"कोर्टात शपथेवर सांगून चुकलो, सायेब. आता पलटलो तं मलेच बेड्या घालतीन."

"आणि बहीण?"

पागोटं सावरत तो उठला. त्या क्षणी त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली होती.

खटला उभा राहिला. बचावाच्या वकिलाने भावाचं शपथपत्र पुढे केलं. घरात सोनंच नव्हतं तर चोरी कशाची? भावाने साक्षीतही तेच सांगितलं. बाई कापलेल्या पाटलीकडे बोट दाखवत राहिली, तेव्हा वकील हसून म्हणाला, "पाटली कापावी लागलेली विधवा वऱ्हाडात एकच आहे काय?" संशयाचा फायदा देऊन आरोपी सुटला, आणि ज्याच्या घरून जप्त केला त्याला ऐवज परत द्या, असा हुकूम झाला. माझ्याच ठाण्यातून त्या हरामखोराने सही करून पाटल्या नेल्या.

निकाल लागला त्या दिवशी बाई कोर्टाच्या पायरीवर बसली होती. मी जवळ गेलो, तर तिने विचारलं, "माह्या सोन्यावर फी लागतच नव्हती म्हणता, मंग दादानं लपवलं कायले?"

उत्तर मला माहीत होतं. ते सोनं त्याने केव्हाच आपलं धरलं होतं. माणूस फी चुकवायला लपवतो ते स्वतःचं, दुसऱ्याचं नाही. नोकरीत दरोडेखोर पुष्कळ पाहिले, पण घरातल्या चोराला लावायचं कलम मला कधी सापडलं नाही. समोर भाऊ बैलगाडी जुंपून उभा होता. दुसरीकडे जायला तिला जागा नव्हती. ती उठली आणि त्याच्याच गाडीत जाऊन बसली.