दसऱ्याचा हार आणि सुधीररावांची स्कूटर

टेंभी नाक्यामागच्या चाळीत पंचावन्न साली एकच स्कूटर आलेली, आणि ती नेमकी फिटर उत्तमच्या समोर राहणाऱ्या सुधीररावांची. कचेरीत कागद खरडणारा माणूस! ज्याला पाना सरळ धरता येत नाही त्याच्या बुडाखाली स्कूटर, आणि अर्ध्या ठाण्याच्या मोटारी ज्याच्या हाताखालून गेल्या तो उत्तम पायी. नुसता जळायचा.

दसऱ्याला तर कहरच. उत्तमच्या बायकोनं, शीलानं, मनगटाएवढा जाड झेंडूचा हार ओवला. उत्तम खूश! आणि हार गेला कुठे? समोर, स्कूटरला. उत्तमच्या पान्या-हातोड्यांवर दोन सुटी फुलं.

"अहो, शेजारधर्म असतो."

"मग माझ्या पान्यांशी काय दुष्मनी?"

सुधीररावांनी तो हार इंजिनाभोवतीच गुंडाळला आणि आठवडाभर काढला नाही. शुभ असतं म्हणे. मग रविवारी शीळफाट्याजवळ चढावर इंजिन असं तापलं की बंदच. ट्रकात घालून आणली.

"विकतोच आता ही ब्याद," सुधीरराव घाम पुसत म्हणाले. "बघ रे उत्तम, पिस्टन गेलं ना?"

उत्तमनं झाकण उघडलं. ह्या इंजिनाला पाणी नसतंच. पंखा वारा मारतो, तो इंजिनावरच्या पातळ कंगोऱ्यांमधून फिरतो, म्हणून ते थंड राहतं. इथे पंख्याच्या जाळीवर झेंडूचा थर, कंगोऱ्यांत पाकळ्या जळून काळ्याठिक्कर. वारा जाणार कुठून?

फक्त 'हो, गेलं' म्हणायचं. मग स्कूटर मातीमोल, आणि आपलीच! शब्द अगदी जिभेवर आलेला.

तेवढ्यात दारातून शीला, रडवेली. "अहो, माझ्या हारानं तर नाही ना झालं काही?"

त्याला तिचाही राग आला. एवढं तोंड पाडायचं, ते पण परक्याच्या गाडीसाठी? पण तिचे डोळे भरलेले बघून 'गेलं' काही बाहेर पडेना.

"काही गेलं नाही," तो खेकसला. "कचरा अडकलाय. साफ करतो. पण नंतर चालवून बघावी लागेल, मागे वजन पाहिजे. शीला, तू बस."

"अरे, मी बसतो ना!" सुधीरराव म्हणाले.

"तुम्ही नको. जड होईल."

पार कळव्याच्या पुलापर्यंत नेली त्यानं. अख्खी चाळ गॅलरीत, आणि सुधीरराव बनियनवर नाक्यावर उभे, तोंड एवढंसं.

शीला मागून ओरडली, "पुढच्या दसऱ्याला त्यांना बारीकसाच हार करते हं!"

"छे छे," उत्तम म्हणाला, "चांगला जाड कर."